रुळलेले मूल : लळ्याच्या शोधाचा इतिहास

'चार दिवस रडेल, मग आपोआप रुळेल.' आपल्या मराठी घरांत हे वाक्य कधी ऐकले नाही असा माणूस विरळाच. बालवाडीच्या दारात, वसतिगृहाच्या ओसरीवर, शिकायला म्हणून मामाकडे ठेवलेल्या पोराच्या पाठीवर हात फिरवताना, पिढ्यान्‌पिढ्या ते उच्चारले गेले आहे. ते बोलणारी माणसे निष्ठुर असतात असे नव्हे. किंबहुना, ती स्वतःचीच समजूत घालत असतात. पण 'रुळले' म्हणजे नेमके काय झाले? मुलाचे दुःख संपले, की ते दाखवण्यात अर्थ नाही एवढे त्याला कळून चुकले?

इंग्रजीत ज्याला 'ॲटॅचमेंट' म्हणतात, त्याला आपल्याकडे 'लळा' हा फार सुंदर शब्द आहे. विसाव्या शतकात या लळ्याचा पद्धतशीर अभ्यास झाला आणि त्या अभ्यासाचा बराचसा इतिहास वरच्या एका प्रश्नाभोवती फिरतो. मी मानसशास्त्राचा पंडित नव्हे. प्राथमिक शाळेत तीसेक वर्षे मास्तरकी केली, पहिलीच्या वर्गात दर जून महिन्यात रडणारी आणि न रडणारी अशी दोन्ही प्रकारची मुले पाहिली आणि निवृत्तीनंतर या विषयाच्या वाचनात गुंतलो. त्या वाचनातून हाती आलेला इतिहास इथे मांडतो आहे.

कॅम्पातली मुले

या इतिहासाचे एक टोक आपल्या भागातही सापडते. बेळगावच्या कॅम्पातले जुने बंगले आपण पाहिलेले आहेत. अशा बंगल्यांत वाढणारे साहेबाचे मूल पाच-सात वर्षांचे झाले की त्याला विलायतेला धाडण्याचा रिवाज होता. इथली हवा मानवत नाही, रोगराईचे भय असते, आणि नोकरचाकरांत वाढून मुलाची भाषा नि चालचलणूक बिघडते, ही त्याची कारणे सांगितली जात. आईबाप इकडे, मूल तिकडे, अशी कित्येक वर्षे जात.

यांतले सर्वांत प्रसिद्ध मूल म्हणजे रुडयार्ड किपलिंग. जन्म मुंबईचा, ३० डिसेंबर १८६५ चा. वडील जे. जे. कलाशाळेत शिक्षक. आयेबरोबर तो बाजारात हिंडे आणि तिची भाषा इतकी सहज बोले की, आईबापांसमोर जाताना 'आता इंग्रजीत बोलायचे' अशी आठवण त्याला द्यावी लागे. १८७१ साली त्याला आणि त्याच्या तीन वर्षांच्या बहिणीला इंग्लंडात साउथसी येथे एका अनोळखी कुटुंबात पैसे देऊन ठेवण्यात आले. हे घर वर्तमानपत्रातल्या जाहिरातीवरून मिळाले होते. आपल्याला इथेच ठेवून आईबाबा परत हिंदुस्थानात जाणार, हे मुलांना कोणी सांगितले नाही. पुढची सहा वर्षे त्या घरात रुडयार्डचा छळ झाला. या काळात दर नाताळात तो मावशीच्या प्रेमळ घरी राहायला जाई. पण तिथे त्याने एका शब्दाने तक्रार केली नाही. 'तू सांगितले का नाहीस?' असे मावशीने पुढे त्याला अनेकदा विचारले. म्हातारपणी लिहिलेल्या आत्मचरित्रात त्याने याचे उत्तर दिले आहे : जे वाट्याला येते ते असेच असायचे, असे मुले धरून चालतात, म्हणून ती सांगत नाहीत. १८७७ मध्ये आई परत आली आणि रात्री त्याचा मुका घ्यायला वाकली, तेव्हा त्याने मार चुकवण्यासाठी हात वर केला. आईला जे कळायचे ते तेव्हा कळले.

सहा वर्षे हे मूल 'रुळलेले' होते.

शिस्तीचे शास्त्र

किपलिंगच्या आईबापांना निदान अज्ञानाची सबब होती. नंतरच्या पिढीला शास्त्रानेच चुकीचा सल्ला दिला. विसाव्या शतकाच्या आरंभी न्यूझीलंडच्या ट्रुबी किंग या डॉक्टरांनी तान्ह्या बाळाला घड्याळ लावून, चार-चार तासांनीच पाजण्याचा प्रचार केला. रडले म्हणून मध्येच उचलणे म्हणजे लाडावणे. अमेरिकेत जॉन वॉटसन या मानसशास्त्रज्ञाने १९२८ साली पालकांसाठी पुस्तक लिहिले आणि मुलांचे मुके घेऊ नका, मांडीवर बसवू नका, सकाळी फार तर हस्तांदोलन करा, असे सुचवले. त्या काळचा शास्त्रीय समज असा होता की, बाळ आईला चिकटते ते दुधासाठी. पोट भरले की काम झाले.

रुग्णालयांत हा समज नियम होऊन बसला. जंतुसंसर्गाची धास्ती खरीच होती. प्रतिजैविके यायची होती. पण ती आल्यानंतरही नियम राहिले. १९४९ मध्ये लंडनच्या रुग्णालयांतील भेटीच्या वेळांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. कुठे आठवड्यातून एकदा, रविवारी तासभर. कुठे भेट मुळीच नाही. एका नामांकित रुग्णालयात पहिला महिनाभर आईबापांना मुलाला भेटता येत नसे. मात्र संध्याकाळी सात ते आठ या वेळात, मूल झोपलेले असताना, त्याला पाहता येई. नियमामागचे कारण साधे होते. आई येऊन गेली की मूल रडते. आई आली नाही तर शांत राहते. तेव्हा आई न येणेच बरे.

या तर्कात कोणालाही खोट दिसली नाही. ती दिसली दोन माणसांना. एक सरदार घराण्यातला, दुसरा कामगार वस्तीतला.

बोल्बी आणि रॉबर्टसन

जॉन बोल्बी यांचा जन्म १९०७ चा. वडील राजघराण्याचे शल्यवैद्य. त्या काळच्या श्रीमंत घरांच्या रीतीप्रमाणे मुलांची आईशी भेट रोज चहानंतर तासभर. बाकी सारे दाईच्या हाती. जॉनला जिचा लळा होता ती दाई तो चार वर्षांचा होत असताना नोकरी सोडून गेली. ही आठवण त्यांनी पुढे स्वतः सांगितली आहे. थोडा मोठा झाल्यावर निवासी शाळा. पुढे ते डॉक्टर आणि मनोविश्लेषक झाले आणि लंडनच्या बालमार्गदर्शन केंद्रात काम करू लागले.

तिथे चोरी करणारी मुले-मुली येत. त्यांतील ४४ जणांचा अभ्यास बोल्बींनी १९४४ मध्ये प्रसिद्ध केला. तुलनेला तेवढीच दुसरी मुले घेतली होती. चोरी करणाऱ्यांपैकी १४ मुले अशी होती की त्यांना कोणाविषयीच माया वाटत नव्हती. शिक्षेने रडत नव्हती, कौतुकाने खुलत नव्हती. त्या १४ पैकी १२ मुले लहानपणी दीर्घकाळ आईपासून दूर राहिलेली निघाली. तुलनेच्या ४४ मुलांत अशी फक्त दोन होती. नमुना लहान, पद्धतही आजच्या कसोटीला पुरती न उतरणारी. पण किशोरवयातल्या वागण्याचा धागा पाळण्यापर्यंत मागे जातो, ही शंका पक्की झाली.

मध्ये महायुद्ध आले. सप्टेंबर १९३९ च्या पहिल्या काही दिवसांत ब्रिटनने शहरांतून सुमारे १५ लाख माणसे खेड्यांत हलवली. त्यांत आठ लाखांच्या आसपास शाळकरी मुले आईबापांविना होती. त्याच डिसेंबरात बोल्बींनी दोन सहकाऱ्यांसह वैद्यकीय नियतकालिकात पत्र लिहून, पाच वर्षांखालच्या मुलांना आयांपासून तोडण्यातला धोका कळवला होता.

युद्धात बेघर झालेल्या मुलांसाठी ॲना फ्रॉइड यांनी लंडनच्या हॅम्पस्टेड भागात पाळणाघरे काढली. तिथे बॉयलर सांभाळायला आणि पडेल ते काम करायला जेम्स रॉबर्टसन नावाचा स्कॉटिश तरुण लागला. फ्रॉइडबाईंचा एक दंडक होता : स्वयंपाकी असो की बॉयलरवाला, प्रत्येकाने मुलांविषयी जे दिसेल ते कागदावर टिपायचे. रॉबर्टसन निरीक्षण शिकला तो या शाळेत. १९४८ मध्ये बोल्बींनी त्याला आपल्या हाताखाली घेतले आणि रुग्णालयातली मुले पाहायला पाठवले.

त्याने जे पाहिले त्याची तीन पायऱ्यांत मांडणी झाली. प्रथम मूल आकांत करते, दाराकडे धाव घेते, हा निषेध. मग ते गप्प होते, खात नाही, कोपऱ्यात बसून राहते, ही निराशा. शेवटी ते पुन्हा खाऊ लागते, परिचारिकांकडे पाहून हसते, आणि आई आली तर तिच्याकडे लक्षच देत नाही, हे तुटलेपण. वॉर्डमध्ये दुसऱ्या पायरीला 'शांत झाले' आणि तिसरीला 'रुळले' म्हणत.

डॉक्टरांना हे सांगितले तर त्यांचे उत्तर ठरलेले : आमच्या वॉर्डमध्ये असे होत नाही. शब्दांनी काम होत नाही म्हटल्यावर रॉबर्टसनने हाती धरायचा एक चित्रपट-कॅमेरा घेतला. त्याने तो कधी वापरलेला नव्हता. प्रतीक्षायादीतून मूल चिठ्ठी काढल्यासारखे निवडले, म्हणजे मुद्दाम रडके मूल घेतले असे कोणी म्हणू नये. रोज ठरलेल्या वेळीच चित्रण करायचे आणि भिंतीवरचे घड्याळ चौकटीत दिसले पाहिजे, म्हणजे हवे तेवढेच टिपले असेही म्हणता येऊ नये.

चिठ्ठीत निघाली लॉरा. वय दोन वर्षे पाच महिने, बेंबीच्या हर्नियाची साधी शस्त्रक्रिया, मुक्काम आठ दिवस. पोर घरच्या वळणाची, आवरून धरणारी. मोठ्याने रडणारी नव्हेच. चित्रपटात ती फारसे काही करत नाही. आपले खेळण्यातले अस्वल धरून बसते. मध्येच, जणू सहज, आईविषयी विचारते. चेहरा ताणला जातो, पुन्हा सावरतो. आई भेटायला येते तेव्हा दिवसागणिक तिच्याकडे वळायला लॉराला अधिक वेळ लागतो. शेवटच्या दिवशी घरी निघताना ती आपल्या सगळ्या वस्तू गोळा करते आणि चालू लागते. पण आईचा हात धरायला नकार देते.

नोव्हेंबर १९५२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये हा चित्रपट दाखवला गेला आणि सभा खवळली. हा धंद्याची बदनामी करतो आहे, ही मुलगी अपवाद आहे, असे आरोप झाले. संतापलेल्यांत डर्मॉड मॅकार्थी नावाचे एक बालरोगतज्ज्ञ होते. पण आपल्या वॉर्डमध्ये परतल्यावर, जी रडणी रोज कानांवर पडत होती ती त्यांना पहिल्यांदा ऐकू आली. त्यांनी ॲमरशॅमच्या आपल्या वॉर्डमध्ये आयांना मुलांजवळ राहू दिले. तिथेच रॉबर्टसनने १९५८ मध्ये दुसरा चित्रपट केला, आईसह रुग्णालयात राहिलेल्या मुलीचा. १९५९ मध्ये सरकारी प्लॅट समितीने भेटीवरची बंधने उठवावीत, लहान मुलांजवळ आईला राहू द्यावे, अशी शिफारस केली. तरी रुग्णालये लगेच बदलली नाहीत. १९६१ पासून पालकांनीच संघटना करून ती शिफारस दारोदार लावून धरली.

इथे एक वैयक्तिक नोंद करतो. त्याच १९६१ साली, मी सहा वर्षांचा असताना, घटसर्पाच्या संशयाने मला एका रुग्णालयाच्या वेगळ्या वॉर्डमध्ये सतरा दिवस ठेवले होते. वेगळे ठेवणे गरजेचेच होते. त्याबद्दल तक्रार नाही. आई रोज खिडकीबाहेर येऊन उभी राही. पहिले काही दिवस मी गजांशी ओरडलो. मग भिंतीकडे तोंड करून निजू लागलो. परिचारिका आईला म्हणाली, ''बाई, रुळला बघा तुमचा मुलगा.'' ही हकिगत आई म्हातारपणापर्यंत सांगायची आणि शेवटी म्हणायची, ''रुळला कसला! तू माझ्यावर रुसला होतास. ते मला कळलं, त्यांना नाही कळलं.'' लॉराने आईचा हात का झिडकारला, हे वाचताना मला पुस्तकातल्या स्पष्टीकरणाची गरज पडली नाही.

आपल्याकडच्या सर्वसाधारण वॉर्डमध्ये मात्र आई खाटेखाली चटई टाकून झोपते, बाप व्हरांड्यात. त्यामागे शास्त्र नसते. माणसांची कमतरता असते. पण इंग्लंडच्या सुसज्ज रुग्णालयांना जे मिळवायला लढावे लागले, ते आपल्या गरिबीने राखून ठेवले होते.

युगांडातली अंगणे

लॉराने प्रश्न उभा केला. लळा जडतो कसा, याचे उत्तर मिळाले आफ्रिकेतल्या खेड्यांत. मेरी एन्सवर्थ या बोल्बींच्या कॅनडात वाढलेल्या सहकारी. पतीच्या नोकरीमुळे त्या युगांडात गेल्या आणि १९५४-५५ मध्ये कंपालाजवळच्या खेड्यांतील २६ घरांत जाऊन तान्ह्या मुलांचे निरीक्षण करू लागल्या. लळा दुधामुळे लागतो, हा समज त्यांना तिथे सोडावा लागला. बाळ आईला तळ मानते. तिथून रांगत दूर जाते, जग पाहते, भ्याले की परतते. मुलाच्या खाणाखुणा ज्या आईला चटकन कळतात, तिच्या मुलाचा लळा निर्धास्त असतो.

पुढे अमेरिकेत बाल्टिमोर येथे त्यांनी आणखी २६ कुटुंबांचा वर्षभर घरी जाऊन अभ्यास केला आणि एक छोटी कसोटी बसवली. वर्षाच्या मुलाला अनोळखी खोलीत खेळू द्यायचे; आईने दोनदा थोडा वेळ बाहेर जायचे, परत यायचे. पाहायचे ते आई परतल्यावर मूल काय करते. बहुसंख्य मुले रडतात, आई आली की बिलगतात आणि निवून पुन्हा खेळू लागतात. काही आईला बिलगतात, पण शांतच होत नाहीत. आणि काही मुले आई गेली तरी रडत नाहीत, आली तरी खेळण्यातून मान वर करत नाहीत.

पाहुणा म्हणेल, हे तिसरे मूल सर्वांत शहाणे, स्वतंत्र. १९७७ मध्ये ॲलन स्रूफ आणि एव्हरेट वॉटर्स यांनी अशा मुलांच्या हृदयाचे ठोके मोजून दाखवले : चेहरा शांत होता, तेव्हा आत ठोके वाढलेले होते. रॉबर्टसनला कॅमेऱ्यातून जे दिसले होते, त्याला आता आकड्यांचा पुरावा मिळाला.

आक्षेप आणि दुरुस्ती

या विचाराला विरोधही झाला आणि तो बराचसा रास्त होता. जागतिक आरोग्य संघटनेसाठी बोल्बींनी १९५१ मध्ये लिहिलेल्या अहवालाचा अर्थ अनेकांनी 'आईने घराबाहेर पडूच नये' असा लावला आणि नोकरी करणाऱ्या बायकांच्या माथी अपराधाचे ओझे आले. १९६४ मध्ये शॅफर आणि इमर्सन यांनी ग्लासगोतील ६० बाळांच्या अभ्यासातून दाखवले की, लळा एकट्या आईचाच लागतो असे नाही. बाप, आजी, मोठे भावंड यांचाही लागतो. आजीच्या पदराखाली वाढलेल्या आपल्या वाचकांना यात नवल नाही. १९७२ मध्ये मायकेल रटर यांनी नुसती ताटातूट, घरातले कलह आणि लळा मुळात जडूच न देणे, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत हे स्पष्ट केले. तिसरी सर्वांत घातक. शिवाय बालपणीचा लळा म्हणजे कपाळावरची रेघ नव्हे. नंतरच्या चांगल्या माणसांनी ती बदलते.

लळा जडूच दिला नाही तर काय होते, हे रुमानियात दिसले. १९६६ च्या हुकमाने तिथे गर्भपातावर कडक बंदी आली. परवडेनात इतकी मुले सरकारी अनाथालयांत गेली. डिसेंबर १९८९ मध्ये चाउशेस्कूची राजवट कोसळली तेव्हा लाखाहून अधिक मुले संस्थांत होती. पाहायला गेलेल्या संशोधकांना तान्ह्या मुलांच्या खोल्यांतली शांतता विलक्षण वाटली. पाळण्यांच्या रांगा, आणि रडण्याचा आवाज नाही. रडून कोणी येत नाही, हे त्या मुलांना समजले होते.

२००० नंतर बुखारेस्टमध्ये १३६ मुलांचा अभ्यास सुरू झाला. निम्म्यांना चिठ्ठ्यांच्या पद्धतीने पालक-कुटुंबांत ठेवले, निम्मी होती तिथेच राहिली. पुढे त्यांनाही संस्थेबाहेर जाण्यास आडकाठी नव्हती. साडेतीन वर्षांच्या वयात कुटुंबात गेलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्या मुलांचा लळा निर्धास्त होता. संस्थेतल्या मुलांत पाचातल्या एकाहूनही कमी. दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांना लाभ अधिक. ही मुले किशोरवयात आली तेव्हाही, ज्यांना एकच घर टिकून मिळाले त्यांची स्थिती बरी होती. बोल्बींनी ४४ मुलांवरून केलेला तर्क असा साठ-सत्तर वर्षांनी तावून सुलाखून निघाला.

याचे पडसाद आपल्या कायद्यातही आहेत. २०१५ च्या बालन्याय कायद्यात मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानला आहे. आणि २०२१ मध्ये भारतासह पाच देशांतील रुग्णालयांच्या अभ्यासात, कमी वजनाच्या बाळांना जन्मतःच आईच्या छातीशी ठेवून, अतिदक्षता कक्षातही आईची खाट दिली, तेव्हा मृत्यूंचे प्रमाण शेकडा पंचवीसने घटले. ऊब आणि दूध यांचाही त्यात वाटा आहेच. पण आईला दाराबाहेर ठेवण्याचे कारण उरले नाही.

मुलांना दूर ठेवावेच लागते, असे प्रसंग पुढेही येणार. ऊसतोडीला जाणारे आईबाप आहेत, वसतिगृहे आहेत, आजार आहेत. त्याला इलाज नाही. पण 'रुळले' या शब्दावर विश्वास ठेवण्याआधी, रॉबर्टसनसारखे रोज एका वेळी, घड्याळ समोर ठेवून, त्या मुलाकडे थोडा वेळ नुसते पाहणे आपल्याला जमण्यासारखे आहे. आणि वसतिगृहातून 'पोरगा रुळला, आता काळजी नको' असा निरोप आला, तर त्याच आठवड्यात एसटी पकडून त्याला भेटून यावे. तो रडला, तर बरेच झाले म्हणावे.